मोठा अ‍ॅम्प्लिफायर एडवर्डला

मी, जयवंत बळीराम म्हात्रे, वय सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार जूचंद्र, तालुका वसई, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. घरात बोलायला कोणी नसल्यामुळे लिखाण थोडं लांबेल, त्याला इलाज नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगा सुमेध याला. तो बंगळूरला असतो, रविवारी फोन करतो. त्याने घर विकलं तरी माझी हरकत नाही.

२. लहान अ‍ॅम्प्लिफायरही सुमेधलाच. त्यात डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला एकच व्हॉल्व्ह आहे, जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा. आवाज बेताचा, पण गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. वटारचा माझा मित्र एडवर्ड आणि मी, दोघांनी मिळून तो बांधला. बंद केल्यावरही आत वीज साठून राहते, तेव्हा सुमेधने तो उघडू नये.

३. माझी पत्नी यमुना हिला ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा लहान पुरेना. कानातलं यंत्र तिला सोसत नव्हतं. म्हणून मी व्हॉल्व्हच्या जोड्या लावून मोठा बांधला. जोडीतला एक ढकलतो, दुसरा ओढतो, जोर भरपूर. यमुना स्पीकरला खेटून बसायची.

एडवर्डने तो ऐकला आणि म्हणाला, "जयवंत, यात नुसता आवाज आहे. गाणं नाही."

यमुना शेजारीच होती. तिला शब्द कळले नाहीत, पण माझा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. मी एडवर्डला म्हटलं, "पुन्हा येऊ नकोस." तो आला नाही. तिच्या मयतालाही आला नाही.

ती गेल्यापासून मोठा लावलेला नाही. रिकाम्या घराला लहान पुरतो.

मध्यंतरी एडवर्डची मुलगी एमिली नायगावच्या बाजारात भेटली. म्हणाली, "काका, पप्पांना आता फारसं ऐकू येत नाही. रेडिओ कानाला लावून बसतात." सबब मोठा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या पश्चात एडवर्डला द्यावा.

४. वरील कलम वाचून साक्षीदार फर्डिनंड यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सही करतो. पण तू मरेपर्यंत त्याने कान राखून ठेवायचे काय?"

त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून कलम ३ मधली देणगी रद्द करतो. फर्डिनंड यांचा टेम्पो दारात उभा आहे. मोठा अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः वटारला नेतो आहे. एडवर्ड दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. कलम ३ चा बाकी मजकूर मात्र खोडू नये.

लिहून देणार: जयवंत बळीराम म्हात्रे (सही)

साक्षीदार: फर्डिनंड लोपीस, शेजारी (सही)
अल्पेश वर्तक, शेजारी (सही)

जूचंद्र, दि. १४ नोव्हेंबर २००४