मुठीतलं मीठ

शनिवार, दिवेलागण झाल्यावर

स्वराला उद्या आत्याबरोबर गावाला पाठवतेय. "मज्जा आहे बाबा तुझी, रोज आंबे खायचे!" असं तिला सांगितलं. खरं कारण फक्त नणंदेला फोनवर हळूच बोलले. मला झोप हवीय. बाळ दोन महिन्यांचं, त्यात ही पाच वर्षांची दिवसभर 'आई, आई' करत मागे. लिहितानाही लाज वाटते.

मघाशी सासूबाई मुठीत मीठ-मोहरी घेऊन बाळाची दृष्ट काढत होत्या. स्वरा हळूच बाळाला चिकटून बसली. मी खेकसलेच, "सरक गं, बाळाची काढतायत ना!" ती उठून बाजूला झाली.

नंतर तिची बॅग भरता भरता वळून बघितलं, तर ही ओट्यापाशी उभी. मुठीत मीठ घेऊन स्वतःवरूनच हात फिरवतेय.

"हे काय गं?"

"माझी कुणी काढलीच नाही."

तेव्हाच ती मूठ माझ्या हातात घ्यायला हवी होती. मी काय केलं? सांडलेलं मीठ पुसलं. म्हटलं, "हात धू जा."

तिने धुतले. माझ्याच गाऊनला पुसत म्हणाली, "आई, मी गेले की तुला झोप मिळेल ना?"

लालबागची ही एवढीशी खोली. इथे हळू बोलून काय होणार होतं?

आंबेच तर सांगितले होते मी तिला.