चार खुर्च्यांचा इंग्लिश वर्ग

३ सप्टेंबर
पोचलो एकदाचा. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चांगलंच आहे, व्यायाम होईल. इथल्या शाळेत मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवायचं. सहा आठवडे ट्रायल. मग मुख्याध्यापिका वर्गात बसून बघणार आणि नोकरी पक्की करायची की नाही ते ठरवणार. पक्की झाली की बायकोचा व्हिसा. म्हणजे झालाच म्हणायचा. बावीस वर्षांत माझ्या एकाही वर्गाने मला तपासणीत मान खाली घालायला लावलेली नाही.
संकल्प: (१) इथल्या भाषेचे रोज दहा शब्द. (२) पहाटे फिरायला जाणं. (३) बायकोला आठवड्यातून एकदाच फोन. तिला सवय व्हायला हवी.

४ सप्टेंबर, सकाळी ९.४०
पहाट हुकली. जेट लॅग. बायकोला फोन केला, गॅस कसा पेटवायचा ते विचारायला. हा फोन धरायचा नाही. शेगडी विजेची निघाली.

९ सप्टेंबर
वर्ग सुरू. विद्यार्थी चार: रिटायर्ड पोस्टमन, बस चालवणाऱ्या एक बाई, एक नर्स, एक न्हावी. मी दीड तास बोललो. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आपल्याकडे छड्या मोडल्या तरी अशी शिस्त लागत नाही. शेवटी समजलं का म्हणून विचारलं, तर चौघांनी एकदम माना डोलावल्या.

१५ सप्टेंबर
दहा शब्द फार होतात, पचनी पडत नाहीत. रोज पाच.
भविष्यकाळ घेतला. उदाहरण: माझी बायको येणार आहे. वीस वेळा लिहून घेतलं.

२३ सप्टेंबर
भविष्यकाळ अजून चालूच. पाया पक्का हवा. मुख्याध्यापिका बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या. विचारत होत्या, विद्यार्थी बोलतात का? मी म्हटलं, आधी ऐकायला तर शिकू देत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. इंप्रेस झाल्या असाव्यात.
शब्द रोज एक. आजचा उद्या करू.

३० सप्टेंबर
शेजारच्या आजी रोज जिन्यात काहीतरी बोलतात. मी हसून मान डोलावतो. माणसं फार प्रेमळ. आज त्यांनी माझ्या हातात कचऱ्याच्या दोन पिशव्या दिल्या. काल मी कशाला तरी हो म्हणालो असणार.

७ ऑक्टोबर
बायकोने विचारलं, तिथे कुणी ओळखीचं झालं का? मी म्हटलं, इतके मित्र झालेत की वेळ पुरत नाही. मग म्हणाली, अहो, राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय, खरं सांगा, देऊ ना? मी म्हटलं, बिनधास्त दे. फोन ठेवला आणि ताट तसंच बाजूला सारलं. भात कच्चा राहिला होता, त्यामुळे असेल.

१० ऑक्टोबर
तपासणी सोळाला. आज न्हाव्याला सहज नाव विचारलं. बराच वेळ फळ्याकडे बघून म्हणाला, माझी बायको येणार आहे.
घाबरायचं कारण नाही. आपली हुकमी पद्धत आहेच. खुर्च्यांना नंबर, प्रत्येक खुर्चीला एक प्रश्न, त्याचं एक पाठ उत्तर. मी कागद बघून क्रमाने विचारायचं, त्यांनी क्रमाने म्हणायचं. आजवर कुठल्याच साहेबाच्या लक्षात आलेलं नाही.

१५ ऑक्टोबर
रंगीत तालीम झकास. बायकोचा मेसेज: राजीनामा दिला.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०
मुख्याध्यापिका बाई मागे बसायचं सोडून थेट पहिल्या खुर्चीवर बसल्या. सगळे मुकाट्याने एकेक खुर्ची सरकले, न्हाव्याने पाचवी ओढून घेतली. मला पत्ताच नाही, माझी नजर कागदावर. पहिल्या खुर्चीला विचारलं, घरी कोण कोण असतं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेलो. दुसऱ्या खुर्चीला विचारलं, तुमच्या बसमध्ये माणसं किती? पोस्टमन खणखणीत आवाजात म्हणाले, फक्त एक म्हातारं मांजर. तिसरीला विचारलं, मुलं किती? बसवाल्या बाई म्हणाल्या, बेचाळीस बसलेली, बारा उभी. चौथीला, रोज किती जणांचे केस कापता? नर्स म्हणाली, दोन, दोन्ही फार द्वाड.
तेव्हा मान वर केली. कागद उलटासुलटा करून बघितला. न्हाव्याला तर प्रश्नच उरला नव्हता. बाईंनी त्याला विचारलं, हे काय चाललंय? तो उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, सर वाईट नाही. सर एकटा. तुम्ही नाही म्हणणार, तर बायको नाही येणार. मग पोस्टमन आणि नर्स एकदम बोलायला लागले. बसवाल्या बाई म्हणाल्या, सर रविवारी माझ्या बसमध्ये बसतो, शेवटच्या स्टॉपला जातो, उतरत नाही, परत येतो.
हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.
सवयीने त्यांच्या चुका मोजायला लागलो. सात मोजल्या आणि मग रडू आलं. ते वीस मिनिटं बोलत होते.
बायकोला फोन केला नाही. काय तोंडाने करणार?

१८ ऑक्टोबर
पत्र आलं. नोकरी पक्की. अट एकच: तासाला दहा मिनिटांच्या वर सरांनी बोलायचं नाही. बाईंच्या मते सहा आठवड्यांतला माझा सर्वांत चांगला धडा म्हणजे मी गप्प उभा होतो तो. टेबलावर घड्याळ ठेवणार आहेत म्हणे.
हा सरळसरळ अपमान आहे. बायकोला फोन करून पाऊण तास सगळं समजावून सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, एकोणीस वर्षांत मला जमलं नाही ते त्या बाईंनी एका तासात केलं. मी लवकरचंच तिकीट काढते, मला आधी त्यांच्या पाया पडायचंय.