किमयाचं करंटचं मशीन

किमयाचे पप्पा,

माझी आई घसरून पडली, रोह्याहून नितेशदादाचा फोन आला. मी निघते, उद्या येईन. कोलंबीचं कालवण झाकून ठेवलंय.

किमयाच्या पायाला करंटचं मशीन आज तुम्हालाच लावायचं हाय. तुमच्या आईंनी तिच्या पायाला तेल चोळलं असेल. ते आधी साबणाने धुवून पुसा, नायतर पॅड चिकटत नाय. थेरपीच्या बाईंनी पायावर पक्क्या पेनाने गोल केलेत, तिथेच लावा. मशीनवरचा आकडा त्यांनी सांगितलाय तेवढाच ठेवा, वाढवून पोर लवकर चालणार नाय. पाऊल आपोआप वर उचललं म्हणजे बरोबर लागलं. पण आधी पॅड स्वतःच्या हातावर लावून दाखवा, त्याशिवाय ती पाय देत नाय.

कंपनीत तुम्ही दिवसभर वायरमनचं काम करता आणि घरात हे मशीन काढलं की चपला घालून बाहेर जाता. तुम्हाला बघवत नाय, हे मला कळतं. तिला नाय कळत. बोलता येत नाय तिला, पण मशीन बंद होईपर्यंत ती दाराकडेच बघत असते.

आज दार आतून लावून घ्या.

पूजा