लाथेनंतरचा नमस्कार

प्रिय उत्कर्षा,

तुझी आई म्हणते, पत्र काऊन लिहून राह्यले, होस्टेलवर फोन करा. फोनवर तू ऐकते कुठं? हो बाबा, हो बाबा म्हणते अन् ठेवून देते!

रविवारी डोकंच फिरलं माझं. जैनथहून दोन आटो बदलून आदिलाबादला आलो, तुझी तायक्वांदोची म्याच पाहाले. गुडघा वर, उभ्या पायाची टाच फिरवली, अन् लाथ बरोबर त्या बेल्लमपल्लीच्या पोरीच्या बरगडीवर. काय देखणी लाथ होती! मी खुर्चीवरून उठलोच. अन् तू काय केलं? खाली वाकून तिला हात लावला अन् कपाळाला लावला! भर म्याचमधी! तेवढ्यात तिनं तुझ्या कानशिलात लाथ घातली! तुझ्या मॅडम तेलुगूत बोंबलून राह्यल्या, पाय मागं घे म्हणून, अन् तू नमस्कार करून राह्यली. हातातली म्याच घालवली.

अवं, उन्हाळाभर अंगणात कापसाचं पोतं छातीशी धरून उभा राह्यलो, ते कायच्यासाठी? तेव्हाबी तेच. शंभर लाथा, शंभर नमस्कार. शेजारची सोनाबाई कुंपणावरून हसून हसून बेजार. मी वरडलो, पोतं फेकून दिलं. लाथ बसली की पाय ओढून घ्यायचा, हात गालाशी ठेवायचे. मला अडाण्याला पाठ झालं, तुला काऊन नाही? येत्या रविवारी निवडीची शेवटची म्याच आहे. तिथं वाकली तर राज्याचा संघ गेला, अन् पुढच्या वर्षी वयात बसत नाही तू.

परवा कापूस वेचताना एकदम आठवलं. तू पाच वर्षांची होती. पाहुणे जेवाले बसले होते. खेळता खेळता तुझा पाय मला लागला अन् तू तशीच पळाली. मी सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. तू रडली नाही. परत येऊन माझ्या पायाला हात लावला, कपाळाला लावला. पाहुणे म्हणाले, पोरगी वळणाची आहे. मलेबी बरं वाटलं तेव्हा.

त्या दिवसापासून तुझा हात असा खाली जाते, अन् मी उन्हाळाभर तुझ्यावरच वरडलो. माझं चुकलं, बाई. हे कबूल कराले बारा वर्षं लागली. तोंडानं जमलं नसतं, म्हणून पत्र. रविवारी मी समोरच बसतो. तू मार, पाय मागं घे, हात गालाशी ठेव. म्याच झाली की त्या पोरीला नमस्कार मी करतो.

तुझाच,
बाबा