कमलताईंकडचं भजन

मंगळवार, संध्याकाळ

आधी नातसून सोनलच जिना चढून आली, आमचा निलेश मागून हाश्शहुश्श करत. हनिमूनला मुंबई बघायला आलीत दोघं. हॉटेल परवडत नाही म्हणून मुक्काम माझ्या कळव्याच्या एका खोलीत. आज समुद्रात बोटीनं फिरून आली, पोरीचं नाक उन्हानं लालेलाल. मला मेलीला एकच घोर, नव्या जोडीत म्हातारी कशाला? माझं लग्न झालं तेव्हा सासूबाई गुपचूप शेजारी झोपायला जायच्या. म्हणून मी म्हटलं, "शेजारी कमलताईंकडे भजन आहे गं, रात्रभर."

तर सोनल म्हणते, "आजी, उशी घेऊन कोणी भजनाला जातं का?"

निलेश लाजून गॅलरीत पळाला. मला तर ती उशी कुठे लपवू असं झालं. राग आला असेल का तिला? नसावा. कारण तीच उशी काखेत मारून मला इथे कमलताईंकडे सोडायला आली, चुडा वाजवत.

दारात हळूच म्हणाली, "दसऱ्याला परत येऊ आजी. तोवर आम्ही जुने होऊ, मग तुम्ही घरातच झोपायचं."