नाल्याकाठच्या मोहाखालचा किडा

नागपूर, ३ मार्च २०२४

ती. पोचूभाऊस,
निशाचा सा. न. वि. वि.

आपल्या टोल्यावरचा, वस्तीतला एकुलता मोबाइल टॉवर पुन्हा बंद, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरजवळ देते. दिवाळीत नाल्याकाठच्या मोहाखालून नेलेला किडा आठवतो? मुंगीएवढा, आखूड पंखांचा, विंचवासारखी शेपटी उचलणारा. एवढं शिकून शेवटी पाचोळाच उकरते म्हणून तू हसला होतास. भाऊ, तो आजवर जगात कोणीच नोंदवलेला नाही!

पण माझ्याकडे एकच मादी आहे. नर मिळाल्याशिवाय नवी जात म्हणून लिहिता येणार नाही, असं माझे पीएचडीचे सर म्हणतात. बाकीच्या मोहांखाली मी शोधलं, तिथं नाही. त्याच झाडाखालचा पाचोळा पिशवीभर पाठव. जागा कोणालाच सांगू नको. दुसऱ्या कोणी आधी नेला तर माझी तीन वर्षं पाण्यात.

आईला नमस्कार. माया असू दे.
तुझी निशा

येरमटोला, १७ मार्च

चि. निशास, अ. उ. आ.

बातमी वाईट आहे. आज पाचोळा भरायला गेलो तर झाडाखाली नुसती राख. यंदा फुलं आठ दिवस आधीच गळायला लागली. वेचायला जमीन साफ हवी म्हणून आईनं नेहमीसारखा पाचोळा पेटवला, आणि आग नाल्यापर्यंत गेली. मी राख उकरली, दगड उलटे केले. काही नाही.

कोणालाच सांगू नको म्हणालीस, म्हणून आईलाही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. ती म्हणते, मले काऊन नाई सांगितलं, एक झाड सोडून दिलं असतं. फुलं वेचायची टोपली घरात तशीच पडून आहे.

राग माझ्यावर धर, तिच्यावर नको.
तुझा भाऊ पोचू

नागपूर, २५ मार्च

ती. पोचूभाऊस, सा. न.

राग कोणावर धरू? लहानपणी त्या पाचोळ्याला काडी मीच लावायची. मार्चात मोहाखाली काय करतात हे मीच विसरले, आणि लपवलं तेही आईपासून! अक्कल गहाण ठेवली होती.

सरांनी सांगून टाकलं, नर नाही तर वर्णन नाही. किड्याला नंबर देऊन कपाटात ठेवलाय, बिननावाचा. आईला म्हणावं, फुलं वेच.

आठवण ठेवा.
निशा

येरमटोला, ३ एप्रिल

चि. निशास, अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. किड्याला नाव नाही हे ऐकून तिनं मला तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. तुझ्या-माझ्या मधे एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आधीच गेली. आपल्यात असं लेकरू मोहाखाली पुरतात. ती त्याच झाडाखाली आहे.

आई म्हणते, निशाले लिही, तो किडा परत पाठव, त्यालेही तिथंच ठेवू.

काय ते कळव. तुझी वाट पाहतो.
पोचू

नागपूर, १० एप्रिल

ती. पोचूभाऊस, सा. न.

पत्र चारदा वाचलं, चारदा रडले. पण किडा पाठवत नाही. पावसाळ्यात येते. सरांना आशा नाही, मलाही फारशी नाही, तरी आईला सोबत घेऊन नाल्याच्या काठानं नर शोधणार आहे.

तुम्हां दोघांचा हात पाठीवर असावा. आईला सांग, त्याला माती द्यायला मी अजून तयार नाही.
निशा