डोंगरातला ‘ए’

हेझल क्रीक, केंटकी
११ मार्च १९८७

ती. वर्जिलमामांस,
ओपलचा सा. न. वि. वि.

मेडिकल कॉलेजचा नकार आला. मुलाखतीतच कळलं होतं म्हणा. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, एवढी हुशार आहेस तर डोंगरातल्या कॉलेजात कशाला गेलीस? मी सांगितलं, बाबांची छाती कोळशाच्या धुळीने भरलीय, घर सोडता येत नाही. तर म्हणाले, तिथला ‘ए’ आम्ही ‘बी’ धरतो. तळपायाची आग मस्तकात गेली! अहो, रसायनशास्त्राचे टॅकेट सर आठवडाभर तुमच्या शहरातल्या विद्यापीठात शिकवतात आणि शनिवारी आमच्याकडे. दोन्हीकडे पेपर तोच! तुम्ही त्या निवड समितीवर आहात ना? मग विचारा की!

मामींना सांगा, माझी मक्याची भाकरी अजून कढईला चिकटते. बाबा म्हणतात, डॉक्टर नाही तर नाही, स्वयंपाक तरी शीक.

रागावले असले तरी तुमचीच,
ओपल

२ एप्रिल १९८७

चि. ओपल हिस,
अनेक आशीर्वाद.

भाचीचा अर्ज म्हणून तुझ्या वेळी मला बाहेर बसवलं होतं. काल मात्र विषय काढलाच. पेपर तोच असतो म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाले, मग टॅकेट तिकडे गुण देताना हात सैल सोडत असतील. मी टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली, नियम हलला नाही. कॉलेजचं नाव बघून गुणांना कात्री लावायची, हीच यांची रीत!

आता जरा डोकं शांत ठेव. वर्षभर विद्यापीठात नाव घाल आणि पुन्हा अर्ज कर. तुझ्या बाबांजवळ मी येऊन बसत जाईन. मामीने कढईला आधी चरबी लावायला सांगितलंय.

असंच हक्काने भांडत राहा.
तुझा वर्जिलमामा

२१ फेब्रुवारी १९८८

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दुसराही नकार आला. कारण तेच.

विद्यापीठात नाव घालायला गेले तेव्हा टॅकेट सर हसायलाच लागले होते. म्हणाले, हे सगळं तू माझ्याकडेच शिकलीस, परत काय शिकणार? त्यापेक्षा माझे पेपर तपास. नाव घालणं राहिलंच; तेव्हापासून त्यांच्या विद्यापीठातल्या मुलांना गुण मीच देते. त्यातल्या एकाला परवा तुमच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. पोरगा चांगला आहे, अख्खा केक घेऊन आला.

मामा, मी दिलेला ‘ए’ तुमच्या समितीने पुरा धरला. मला मिळालेला का धरत नाही, एवढंच त्यांना विचारून मला कळवा.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच असू द्या.
ओपल